घरी कोकणी, शाळेत मराठी: पहिलीतल्या मुलाचं वाचन घरी कसं पक्कं करायचं

गोव्यातल्या मराठी शाळांत पहिलीला येणारी अनेक मुलं घरी कोकणी बोलतात. मूल मागे पडेल या धास्तीने काही पालक घरातही पुस्तकी मराठी सुरू करतात. तसं करू नका. मुलाची समज, गोष्ट सांगायची सवय, प्रश्न विचारायचा धीटपणा हे सगळं कोकणीत तयार झालेलं असतं आणि वाचायला तेच लागतं. शिवाय कोकणीही देवनागरीत लिहिली जाते आणि कान, नाक, हात, पान, घर असे कितीतरी शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. सुरुवात त्याच शब्दांपासून करा.

अक्षर दाखवण्याआधी कान तयार हवा. जेवताना, बसची वाट बघताना विचारा: ‘माड’ आणि ‘मीठ’ यांत पहिला आवाज कुठला? ‘पान’मधला प काढून क घातला तर काय होईल? हे तोंडी जमत नसेल, तर अक्षरं घोकून घेण्यात अर्थ नाही. आठ-पंधरा दिवस नुसता खेळच खेळा.

मग क, न, प, म, र, घ ही सहा अक्षरं आणि काना घ्या. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तळहाताएवढे तुकडे कापून प्रत्येकावर एक अक्षर ठसठशीत लिहा. एवढ्यातून मन, घर, कान, नाक, पान, मान, काम, राम, रान, माप असे शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात मूल खरा शब्द वाचतं, आणि त्याचा उत्साह यानेच टिकतो. शाळेच्या पुस्तकाचा क्रम वेगळा असेल तर तिथली अक्षरं घ्या, पण तत्त्व हेच ठेवा: चार-सहा अक्षरं आली की लगेच शब्द.

बाराखडी सुरात म्हणता येते म्हणजे वाचता येतं, असं नाही. ‘के, का, कू, कि’ असं उलटसुलट दाखवून बघा, लगेच कळेल. सर्वांत जास्त अडतं ते पहिल्या वेलांटीपाशी. ‘दिवस’मध्ये ती दिसते आधी आणि उच्चारली जाते नंतर, म्हणून मूल ‘इ-द’ म्हणतं. अक्षर निळ्या आणि मात्रा लाल पेनाने लिहा. बोट आधी निळ्यावर, मग लालवर. घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्यांत गोंधळ होतोच. जोडीतलं एक अक्षर पक्कं होईपर्यंत दुसरं दाखवू नका. अनुस्वार मागाहून घ्या. ‘हांव’मध्ये (कोकणीत ‘मी’) तो नुसता नाकात राहतो, पण ‘आंबा’त म् आणि ‘फोंडा’त ण् होतो, हे मुलाला ऐकवून दाखवावं लागतं.

रस्त्यावरच्या देवनागरी पाट्या हे फुकटचं पुस्तक आहे. आधी मडगाव, पणजी, साखळी. बाकीच्या मात्रा जमल्या की डिचोली, पेडणे, काणकोण. म्हापसा जोडाक्षरं सुरू झाल्यावर. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांच्या माटोळीतल्या वस्तूंच्या नावांच्या चिठ्ठ्या मुलाकडून लिहून घ्या: नारळ, चिबूड, केळी. स्वतःच्या घरातली चिठ्ठी मूल दहादा वाचतं.

पुस्तक वाचायला रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आधी तुम्ही शब्दाखाली बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग एकटं मूल. अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच पहिला आवाज सांगा. पान संपलं की गोष्ट कोकणीत विचारा. अर्थ कळला की नाही हे तपासायचं असतं, मराठीची परीक्षा घ्यायची नसते. मूल ‘हांव घरा गेलों’ म्हणालं तर ‘हो का, तू घरी गेलास!’ एवढंच म्हणा. तेच वाक्य त्याच्याकडून पुन्हा वदवून घेऊ नका.

लिहिण्याची घाई नको. बोटांत जोर नसेल तर कणीक मळू द्या, कागद फाडू द्या. पाटीवर खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाच द्या. तो मुठीत धरता येत नाही, त्यामुळे तीन बोटांची पकड आपोआप येते. शिरोरेघ पूर्ण शब्द लिहून झाल्यावर एकदाच ओढायची. अक्षरागणिक ओढली की शब्द तुटक दिसतो आणि दोन शब्दांतली जागा हरवते.

आकड्यांत मोठा घोळ ‘पंचवीस’चा. उच्चारात पाच आधी येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. हा निष्काळजीपणा नव्हे. माडाच्या हिरांच्या (झावळीतल्या काड्यांच्या) दहा-दहाच्या जुड्या बांधा. पंचवीस म्हणजे दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. हातांनी मांडायचं, मग लिहायचं. एकोणतीस, एकोणचाळीस यांना वेगळा वेळ द्या. मोजायला चिंचोके उत्तम, फक्त धाकट्या भावंडाच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा. काजूच्या कच्च्या बिया मात्र देऊ नका, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. पोदेराकडून (पाववाल्याकडून) किती पाव, किती उंडे (गोल पाव) घेतले आणि किती पैसे परत आले, हा हिशेब मुलाला करू द्या.

लहान मुलांना वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाची अपेक्षा अशी आहे: पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या याव्यात, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द. मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा मोजा, रोज घड्याळ लावू नका. अक्षरं उलटी लिहिणं सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसतं. पण दुसरी अर्धी झाली तरी ‘कान’, ‘घर’ वाचताना मूल अडखळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग मुलाची वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि नेमकी कुठली अक्षरं, कुठल्या मात्रा अडतात ते लिहूनच न्या.