तेलासाठी युद्ध? जपानच्या विस्ताराची कारणे मांडताना या चुका टाळा

जपानने १९४१ मध्ये युद्ध का पुकारले, याचे एक ठोकळेबाज उत्तर सगळीकडे आढळते: देशात तेल नव्हते, अमेरिकेने पुरवठा तोडला, म्हणून युद्ध पेटले. हे उत्तर चूक नाही, पण फार अपुरे आहे. कच्च्या मालाची गरज आणि सैन्याची चाल यांच्यामध्ये साठा, खप, शुद्धीकरण, जहाजे आणि माणसांनी घेतलेले निर्णय असे अनेक दुवे असतात. मांडणी घसरते ती तिथेच.

गरज आधीपासून ठरलेलीच होती, असे धरणे

सगळ्यात मोठी चूक हीच. तेल, लोहखनिज, रबर, बॉक्साइट (ॲल्युमिनियमचे खनिज) यांचा जपानमधला तुटवडा जुनाच होता. १९२० च्या दशकात तो व्यापारातून भागत होता. सप्टेंबर १९३१ मध्ये मांचुरियावर कब्जा झाला आणि जुलै १९३७ पासून चीनशी सर्वंकष युद्ध सुरू झाले. विमाने, ट्रक आणि युद्धनौकांचा खप या युद्धानेच वाढवला. स्वावलंबनाच्या नावाखाली सुरू झालेल्या विस्ताराने परावलंबन वाढवले, आणि तेही ज्या अमेरिकेशी संबंध बिघडत चालले होते तिच्यावर. दशकाच्या अखेरीस जपानचे सुमारे ८० टक्के तेल तिथून येत होते. मांचुरियाने कोळसा आणि लोखंड दिले, तेल दिले नाही. तिथले दाचिंगचे मोठे तेलक्षेत्र सापडले ते १९५९ मध्ये. म्हणून कारणांची आकृती काढताना ‘गरजेतून विस्तार’ एवढाच बाण काढून थांबू नका. विस्तारातून गरजेकडे जाणारा बाणही काढा.

घटनाक्रम उलटा लावणे

‘अमेरिकेने तेल तोडले म्हणून जपान दक्षिणेकडे, म्हणजे आग्नेय आशियाकडे वळला’ असे सर्रास लिहिले जाते. तारखा वेगळे सांगतात. जुलै १९४० मध्ये विमानांचे उच्च दर्जाचे इंधन आणि काही प्रकारचे भंगार अमेरिकेच्या निर्यात परवान्याखाली आले. सप्टेंबरमध्ये जपानी फौजा उत्तर इंडोचीनमध्ये (फ्रेंच वसाहत, आजचा व्हिएतनाम परिसर) शिरल्या आणि पाठोपाठ लोखंड-पोलादाच्या भंगारावर बंदी जाहीर झाली. २ जुलै १९४१ च्या शाही परिषदेत, म्हणजे सम्राटासमोरच्या बैठकीत, दक्षिणेकडे सरकण्याला मंजुरी मिळाली, २६ जुलैला अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल थांबले. कागदावर तेव्हाही परवान्याची सोय होती. प्रत्यक्षात परवानेच मिळेनात. ब्रिटन आणि डच ईस्ट इंडीजनेही (आजचा इंडोनेशिया) तेच केले, त्यामुळे दुसरे दुकान उरले नाही. तेलबंदीने घाई वाढवली हे खरे, पण दिशा आधीच ठरत आली होती.

एककांची खिचडी

अमेरिकी आकडे बॅरलमध्ये असतात, जपानी किलोलिटरमध्ये आणि नौदलाचे बहुधा टनांत. १ किलोलिटर म्हणजे ६.२९ बॅरल, १ टन तेल म्हणजे ढोबळमानाने ७ बॅरल, तेलाच्या घनतेनुसार कमी-जास्त. सगळे आकडे आधी एका एककात आणा. १९४१ च्या अखेरीस जपानचा साठा सुमारे ४.३ कोटी बॅरल, म्हणजे ६८ लाख किलोलिटर होता. नौदलप्रमुख नागानो यांनी नौदलाचा खप ताशी ४०० टन सांगितला होता. तो दिवसाला ९,६०० टन, वर्षाला ३५ लाख टन, म्हणजे २.४ कोटी बॅरलच्या आसपास होतो. लष्कर, विमाने आणि कारखाने यांचा खप वेगळाच. दिवसागणिक साठा आटत असल्याने टोकियोत कॅलेंडरची धास्ती का होती, ते या दोन ओळींच्या हिशेबात दिसते.

जहाजांचे ‘ग्रॉस टन’ हे मात्र वजन नव्हे, आकारमान आहे. ते मालाच्या टनांत मिसळू नका.

विहीर हाती आली की तेल हाती आले, असे समजणे

१४ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी छत्रीधारी सैनिक सुमात्रातील पालेम्बांगजवळ उतरले. प्लाजूचा शुद्धीकरण कारखाना बराचसा शाबूत मिळाला; शेजारच्या सुंगेई गेरोंगचे मात्र मोठे नुकसान झाले होते. बहुतेक लेख इथेच पूर्णविराम देतात. खरी अडचण इथून पुढे आहे.

विहिरी चालवायला जाणकार माणसे लागतात. मे १९४२ मध्ये तंत्रज्ञांना दक्षिणेकडे नेणारे ‘तायो मारू’ हे जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडवले आणि शेकडो तज्ज्ञ मृत्युमुखी पडले. तरीही उत्पादन सावरले. १९४० मध्ये डच ईस्ट इंडीजचे उत्पादन सुमारे ६.५ कोटी बॅरल होते. १९४३ मध्ये जपानी ताब्यातील दक्षिण प्रदेशातून सुमारे ५ कोटी बॅरल निघाले. मायदेशी पोचले ते जेमतेम दीड कोटी. उरलेल्यातला काही भाग आरमाराने तिथेच वापरला, म्हणून सगळी तूट ‘बुडाले’ या खात्यात टाकू नका. पण अडसर वाहतुकीचाच होता. सुमात्राच्या विहिरी लष्कराकडे, पूर्व बोर्नियोच्या नौदलाकडे. जहाजांच्याही लष्कर, नौदल, नागरी अशा तीन वाटण्या. एकाचे जहाज रिकामे परतायचे आणि त्याच मार्गावर दुसऱ्याचे रिकामे जायचे. व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय उभे राहिले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये. तोवर अमेरिकेने आपल्या टॉर्पेडोंमधले दोष दुरुस्त केले होते. १९४४ मध्ये आयात ५० लाख बॅरलवर आली आणि १९४५ मध्ये जवळपास संपली. आरमार तेलाच्या जवळ सिंगापूरच्या दक्षिणेला लिंग्गा इथे आणि मायदेशातले वैमानिक इंधनाविना, अशी फाटाफूट झाली.

नकाशावर फक्त खनिजे पाहणे

फिलिपिन्सवर हल्ला तेलासाठी नव्हता. बोर्नियो-जपान मार्गाच्या कडेला अमेरिकी विमाने आणि पाणबुड्या होत्या, म्हणून तो झाला. नकाशावर खाणींबरोबर मार्ग आणि नाविक तळही दाखवा.

प्रत्येक टंचाईचा शेवट कब्जात होतो, असे मानणे

जर्मनीला टंगस्टन पोर्तुगालकडून आणि क्रोम तुर्कस्तानकडून व्यापारातून मिळत होते. कॉकेशसमधले मायकोपचे तेलक्षेत्र मात्र ऑगस्ट १९४२ मध्ये जिंकूनही उपयोग झाला नाही, कारण सोव्हिएत माघारीत विहिरी निकामी केल्या होत्या. मलाया आणि ईस्ट इंडीज गेल्यावर अमेरिकेचा जवळपास सगळा नैसर्गिक रबर तुटला; तिने कृत्रिम रबराचे कारखाने उभारले आणि १९४४ मध्ये ७ लाख टनांहून अधिक उत्पादन घेतले. त्यामुळे ‘पर्याय कोणते होते?’ हा प्रश्न उत्तरात आलाच पाहिजे. जपानपुढे एक पर्याय होता: चीनमधून सैन्य मागे घेऊन तेलाचा व्यापार पुन्हा सुरू करणे. १९४१ च्या शरद ऋतूत युद्धमंत्री आणि नंतर पंतप्रधान असलेल्या तोजो यांनी या माघारीला ठाम विरोध केला, आणि तेलसाठ्याचा हिशेब मग युद्धाच्या बाजूने मांडला गेला.