लिंक पडल्यावर स्विचने काय करावे, हे त्यालाच शिकवून ठेवण्याची पद्धत

दाभोळच्या बाजूला कार्यालय, खाडीपलीकडे धोपाव्याला गोदाम आणि दोन्हींना जोडणारी छपरावरची रेडिओ लिंक, अशी मांडणी कोकणात नवी नाही. इकडच्या रेडिओला वीज कार्यालयातील स्विचच्या पीओई पोर्टमधून, म्हणजे डेटाच्याच केबलमधून वीजही देणाऱ्या पोर्टमधून, मिळते. मृगाच्या आसपास विजेचा दाब वरखाली झाला की रेडिओ अडकतो, स्विचवरचा दिवा मात्र हिरवाच राहतो, आणि कोणीतरी केबल काढून पुन्हा लावेपर्यंत गोदामाचा संपर्क तुटलेला असतो. केबल काढून लावण्याचे हे काम सिस्कोच्या ज्या स्विचमध्ये ‘एम्बेडेड इव्हेंट मॅनेजर’ (ठरलेली घटना घडताच ठरलेल्या आज्ञा आपोआप चालवणारी) ही सोय आहे, त्यावर स्विचकडेच सोपवता येते. आपल्या स्विचमध्ये ती आहे की नाही, हे ‘शो इव्हेंट मॅनेजर व्हर्जन’ या आज्ञेने कळते.

सर्वांत अधिक विचार कशावर खर्च करावा, तर स्विचने नेमक्या कोणत्या बदलाला प्रतिसाद द्यायचा यावर. पोर्ट बंद पडल्याचा लॉग संदेश हा सर्वांत सोपा पर्याय वाटतो, परंतु वरच्या उदाहरणात तो निरुपयोगी आहे, कारण अडकलेल्या रेडिओमुळे पोर्ट खाली येतच नाही. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारी पेटी) लावलेल्या फायबरचेही तसेच असते. पलीकडे फायबर तुटली तरी कन्व्हर्टर आणि स्विच यांच्यातील तांब्याची केबल शाबूत असल्यामुळे, कन्व्हर्टरमध्ये दोष पुढे कळवण्याची सोय चालू नसेल तर, स्विचला काहीच कळत नाही. अशा ठिकाणी ‘आयपी एसएलए’ या स्विचमधील चाचणीच्या सोयीतून ठरावीक अंतराने पिंग (उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश) पाठवावा आणि त्या चाचणीच्या निकालावर ‘ट्रॅक’, म्हणजे चालू की बंद ही स्थिती टिपणारा पहारेकरी, नेमावा.

पिंग कोणाला पाठवायचा, हाही प्रश्न आहे. पलीकडच्या रेडिओला पाठवला तर धोपाव्याची वीज गेल्यावर इकडचा धडधाकट रेडिओ विनाकारण बंद-चालू होईल. म्हणून पिंग इकडच्या रेडिओच्या व्यवस्थापन आयपी पत्त्यावर पाठवावा. पलीकडच्या पत्त्यासाठी दुसरा ट्रॅक ठेवण्यास हरकत नाही, मात्र त्याने फक्त लॉगमध्ये नोंद करावी.

ट्रॅकला ‘डिले डाउन १२० अप ३०’ असा विलंब द्यावा. पिंग दर ३० सेकंदांनी जात असेल तर एखादा चुकलेला पिंग त्यामुळे दुर्लक्षित होतो. ट्रॅकची घटना स्थिती बदलते त्या क्षणापुरतीच घडते, त्यामुळे रेडिओ खरोखरच निकामी झाला असेल तरी त्याची वीज एकदाच खंडित होईल, रात्रभर पुन्हा पुन्हा नाही.

आता ॲपलेट, म्हणजे एक अट आणि ती पूर्ण होताच चालवायच्या कृतींची यादी. ‘इव्हेंट मॅनेजर ॲपलेट’ या आज्ञेपुढे नाव द्यावे, त्याखाली ‘इव्हेंट ट्रॅक १ स्टेट डाउन’ ही अट ‘मॅक्सरन ६०’सह (ॲपलेटला चालायला ६० सेकंदांची मुदत) लिहावी आणि मग कृती क्रमाने लिहाव्यात: ‘इनेबल’, ‘कॉन्फिगर टर्मिनल’, संबंधित इंटरफेस, ‘पॉवर इनलाइन नेव्हर’ (वीज बंद), दहा सेकंद थांबणे, ‘पॉवर इनलाइन ऑटो’ (वीज पुन्हा चालू) आणि शेवटी लॉगमध्ये एक स्पष्ट संदेश. मॅक्सरन लिहायचे कारण असे की ॲपलेटला मुळात २० सेकंदांचीच मुदत असते. मधल्या थांबण्यात ती संपली तर वीज बंद केलेली राहते आणि चालू करण्याची ओळ येतच नाही. कृतींचे क्रमांक अक्षरांप्रमाणे लावले जातात, म्हणजे १० हा २ च्या आधी येतो. म्हणून ०१०, ०२०, ०३० असे क्रमांक द्यावेत. स्विचवर एएए (वापरकर्त्याची ओळख आणि अधिकार तपासणारी व्यवस्था) लागू असेल तर ॲपलेटसाठी वापरकर्ता नेमणारी ‘इव्हेंट मॅनेजर सेशन सीएलआय युजरनेम’ ही ओळही लागते, नाहीतर आज्ञा नाकारल्या जाऊ शकतात.

लॉग संदेशावरच ॲपलेट बेतायचे असेल, तर लिंकचा आणि लाइन प्रोटोकॉलचा असे दोन वेगळे संदेश येतात हे ध्यानात घेऊन त्यांतला एकच निवडावा. संदेश ओळखण्यासाठी दिलेल्या नमुन्यात इंटरफेसचे पूर्ण नाव त्यापुढच्या स्वल्पविरामासह द्यावे. तो स्वल्पविराम नसेल तर १/०/१ साठी लिहिलेला नमुना १/०/१० ते १/०/१९ या पोर्टांनाही लागू पडतो.

एक मार्ग पडल्यावर दुसऱ्यावर जाण्याचे जे काम स्पॅनिंग ट्री, इथरचॅनेल किंवा राखीव रूट या स्विचमधील सोयी आपणहून करतात, त्यासाठी ॲपलेट लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सतत वरखाली होणाऱ्या लिंकमुळे एररडिसेबल झालेले, म्हणजे दोष दिसल्याने स्विचनेच बंद केलेले, पोर्ट परत आणण्यासाठीही ‘एररडिसेबल रिकव्हरी’ पुरेशी आहे; तिचा मूळ कालावधी ३०० सेकंदांचा असतो. ईमेल पाठवणारी कृती आकर्षक असली तरी ज्या लिंकवरून ईमेल जाणार तीच पडलेली असेल तर तिचा उपयोग शून्य. त्याऐवजी त्या क्षणीचा ‘शो’ आज्ञांचा निकाल फ्लॅशमधील (स्विचच्या कायम स्मृतीतील) फाइलला जोडत जावा.

चाचणी करताना वीज खंडित करणाऱ्या ओळी आधी वगळाव्यात आणि काही दिवस ॲपलेटला फक्त लॉग लिहू द्यावा. दुरून काम करत असल्यास बदल जतन करण्यापूर्वी ‘रिलोड इन १०’ द्यावे, म्हणजे संपर्क तुटलाच तर स्विच दहा मिनिटांनी जुन्या मांडणीसह उठेल. सर्व ठीक असल्यास ‘रिलोड कॅन्सल’ द्यायला मात्र विसरू नये. ज्या अपलिंकवरून आपण स्विचपर्यंत पोहोचतो, तिला कोणत्याही ॲपलेटने हात लावू नये.

‘शो इव्हेंट मॅनेजर हिस्टरी इव्हेंट्स’ ही यादी पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावी. एकच रेडिओ वारंवार उठवावा लागत असेल तर छपरावर जाऊन आरजे-४५ प्लग उघडून पाहावा. खाऱ्या हवेने त्याच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर प्लग नवा बसवून जोड जलरोधक करणे, हाच त्यावरचा उपाय आहे.