हौशी सीएनसी राउटर: आधी सॉफ्टवेअर शिका, मग मशीन घ्या

वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत व्हीएमसीवर (संगणकानं चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) काम करणारी पोरं, लातूर-नांदेडकडची डिप्लोमा झालेली पोरं बरेचदा विचारतात, "दादा, घरी छोटा राउटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" हा राउटर म्हणजे संगणकाच्या हुकमानं फिरती बिट (कापणारं हत्यार) चालवून लाकूड-प्लास्टिक कोरणारं मशीन. मी सांगतो, पैसे सध्या खिशात राहू द्या आणि महिनाभर लॅपटॉपवर बसा. कोणतं मशीन घ्यायचं हे त्या महिन्यातच कळतं.

सुरुवात दारावरच्या पाटीनं करा. इंकस्केप फुकट आहे, त्यात घरच्यांचं नाव देवनागरीत लिहा. 'मुक्त' किंवा 'बालू'सारखा जाड, गोलसर फॉन्ट घ्या. तेही फुकट मिळतात. अक्षरांचं पाथमध्ये (बाह्यरेषांत) रूपांतर केलं की खरी गंमत दिसते. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. युनियन करून सगळी बाह्यरेषा एकसंध केली नाही, तर बिट प्रत्येक सांध्यावर आडवी फिरते आणि शिरोरेघ तुटते. इंग्रजी व्हिडिओंत हे सांगत नाहीत, कारण रोमन अक्षरं सुटी असतात. 3 मिमीच्या बिटला 3 मिमीपेक्षा अरुंद फटीत शिरता येत नाही, हेही इथेच लक्षात येतं. 'क्ष'च्या पोटातली जागा मोजून बघा. मग पाटी मोठी करायची की टोकदार व्ही-बिट वापरायची, ते ठरवा.

टूलपाथसाठी, म्हणजे बिट कुठून कशी फिरेल तो मार्ग काढायला, फ्रीकॅड घ्या. त्यातल्या पाथ वर्कबेंचचं नाव 1.0 आवृत्तीपासून सीएएम (डिझाइनवरून मशीनचा प्रोग्राम काढणं) झालंय. फ्यूजन जास्त सुटसुटीत आहे, पण त्याच्या वैयक्तिक वापराच्या फुकट परवान्यात रॅपिड (न कापता पटकन सरकायच्या) चाली फीडच्या (कापतानाच्या) वेगानंच होतात. हौसेच्या कामाला ते चालून जातं.

कंपनीत फॅनुकवर (मोठ्या मशीनच्या कंट्रोलरवर) हात बसलेल्यांसाठी एक सूचना. छोट्या मशीनवर बहुधा जीआरबीएल, म्हणजे कंट्रोलर बोर्डावरचं छोटं सॉफ्टवेअर, असतं. त्याला जी81 ड्रिलिंग सायकल कळत नाही, जी41-जी42 टूल कॉम्पेन्सेशन (बिटच्या जाडीची भरपाई) कळत नाही, सबप्रोग्रामही नाही. हे सगळं सीएएमनं उलगडून साध्या चालींत द्यावं लागतं, म्हणून पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथ मशीनला कळेल अशा कोडमध्ये लिहिणारा भाग) जीआरबीएलचाच निवडा. प्रोग्राम मशीनला पाठवायला यूजीएस किंवा कँडल पुरतं. जुना पीसी स्वस्तात मिळतोय म्हणून पॅरलल पोर्टवरच्या माक3 या जुन्या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. त्याला 32 बिट विंडोज सांभाळत बसावं लागतं.

आता मशीन. 3018 म्हणजे 300 × 180 मिमीचा बेड. शिकायला, पीसीबीला (सर्किट बोर्डाला), छोट्या पाट्यांना चांगलं. पण देव्हाऱ्याची सागवानी नक्षी डोक्यात असेल तर ते घेऊ नका. त्याच्या 775 मोटरच्या स्पिंडलमध्ये (बिट फिरवणाऱ्या भागात) दम नाही आणि सांगाडा लवतो. तिथे जाड एक्स्ट्रूजन, लिनिअर रेल, बॉलस्क्रू आणि नेमा 23 मापाच्या स्टेपर मोटर लागतात. स्पिंडल म्हणून सुतार वापरतात तो ट्रिमर लावता येतो, मात्र तो साधारण 30,000 आरपीएमनं फिरतो. लाकडाला ठीक, अ‍ॅक्रिलिक वितळून बिटला चिकटतं. अ‍ॅक्रिलिकसाठी वेग कमी करता येईल असा स्पिंडल आणि सिंगल फ्लूट (एका धारेची) बिट हवी.

फीडचा हिशेब कंपनीतलाच: आरपीएम गुणिले फ्लूट गुणिले चिपलोड (एका फेऱ्यात एक धार कापते ती जाडी). 10,000 आरपीएम, दोन फ्लूट, 0.05 मिमी चिपलोड, म्हणजे 1000 मिमी प्रति मिनिट. सांगाडा कमकुवत असेल तर फीडपेक्षा कटची खोली आधी कमी करा. फीड फार उतरवलं की बिट कापायचं सोडून घासते आणि जळते.

मशीन आल्यावर स्टेप्स प्रति मिमी (1 मिमी सरकायला मोटरला लागणारे टप्पे) स्वतः काढा. मोटरच्या एका फेऱ्याच्या 200 स्टेप्स, ड्रायव्हरवर 8 मायक्रोस्टेप, 8 मिमी लीडचा (एका फेऱ्यात 8 मिमी सरकवणारा) स्क्रू: 1600 भागिले 8, म्हणजे 200. 5 मिमी लीडच्या बॉलस्क्रूला हेच 320 होतं. मग 100 मिमी चालवून व्हर्नियरनं तपासा.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लिमिट स्विच (चालीचं टोक ओळखणारे) नसलेलं मशीन मी कुणालाच सुचवत नाही. लाइट गेली की जीआरबीएल जागा विसरतं. पण जी54 चा झीरो (जॉबचा आरंभबिंदू) त्याच्या मेमरीत टिकतो. स्विच बसवून $22=1 (होमिंग चालू) केलेलं असेल तर लाइट आल्यावर होमिंग करायचं, म्हणजे मशीन स्विचपर्यंत नेऊन जागा ओळखवायची, बिट बदललेली नसेल तर झीरो जागच्या जागी सापडतो आणि अर्धा कोरलेला जॉब वाचतो. जी92 नं घेतलेला झीरो मात्र उडतो, त्याची सवय लावू नका.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये स्टेपर ड्रायव्हर तापून स्टेप्स चुकवतात. कंट्रोलर बॉक्सला पंखा द्या, पण त्याची हवा एमडीएफच्या भुशातून येऊ देऊ नका. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. स्पिंडलच्या नॉइजनं यूएसबी तुटते आणि जॉब मध्येच थांबतो. एमडीएफची धूळ बारीक असते आणि त्यात फॉर्माल्डिहाइडवाला डिंक असतो. साध्या रुमालानं भागत नाही, एन95 मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही पहिल्याच खरेदीत धरा.