फ्रेंच झगे शिवताय? या चुका टाळा

नाटकात मारी आंत्वानेतचा, म्हणजे अठराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राणीचा, वेश करायचा ठरला की मंडळी आधी लेस आणि पिसं आणायला पळतात. आतल्या कपड्यांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते कुठे दिसतंय!"

नसेल दिसत, पण बाहेरचं सगळं त्यावरच बसतं. आधी तागाची शमीज, म्हणजे अंगालगतचा सैल झगा, तिच्यावर ताठ पट्ट्यांची, दोरीने आवळायची कोर, मग कमरेला बांधायचा, बाजू फुगवणारा सांगाडा म्हणजे पानिए, परकर आणि शेवटी झगा. हे सगळं चढवल्याशिवाय झग्याचं माप घेऊच नये. आणि कोर म्हणजे व्हिक्टोरियन कॉर्सेट नव्हे. कोरमध्ये छाती वर उचलली जाते, धड उलट्या शंकूसारखं दिसतं.

एका हौशी संघाने टी-शर्टवर माप घेऊन झगा शिवला होता. रंगीत तालमीत नटीने पानिए बांधला आणि परकर दोन्ही बाजूंनी चांगला चार-पाच बोटं वर गेला. पुढून जमीन झाडतोय, बाजूने चपलांचे पट्टे दिसतायत! शिंपीदादा कात्री घेऊन खालून कापायलाच बसले होते. मी कात्री काढून घेतली. त्या काळच्या परकराचा खालचा काठ सरळच असतो, उंचीचा फरक कमरेपाशी काढायचा. कंबर उसवली, पुढचं-मागचं कापड वर घेतलं आणि कमी पडलेली उंची खाली झालर लावून भरून काढली. रात्रीचे दोन वाजले. माप घ्यायला अर्धा तास जास्त दिला असता तर?

कोरची दोरी ओवायच्या भोकांना धातूच्या रिंगा ठोकू नका, त्या एकोणिसाव्या शतकातल्या. भोकं दोऱ्याने हातानेच काजासारखी भरायची. वेळखाऊ आहे, माहीत आहे.

झिप? नाही.

साल विचारल्याशिवाय कापड घ्यायला जाऊ नका. 1780 नंतर रुंद पानिए मुख्यतः दरबारी पोशाखापुरताच उरला. 1789 च्या पॅरिसमधली भाजीवाली पानिए घालून आली की मला पुढचं नाटक ऐकूच येत नाही. उलट, साधी पांढरी मलमल राणीला शोभत नाही म्हणणाऱ्यांनी 1783 आठवावं. चित्रकार विजे ल ब्रँने राणीला मलमलीच्या झग्यात रंगवलं. राणी आतल्या कपड्यांतच बसली आहे अशी ओरड झाली आणि चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं.

मुलांना मोठ्यांची छोटी प्रत करू नका. विचारवंत रूसोने 1762 मध्येच मुलांना आवळणाऱ्या कपड्यांवर कोरडे ओढले होते. 1780 च्या दशकात चांगल्या घरातल्या मुलींना पांढरा मलमली फ्रॉक आणि कमरेला रुंद पट्टा असे. मुलगे आखूड जाकिटाला बटणांनी जोडलेली लांब तुमान घालत, बाप मात्र अजून गुडघ्यापर्यंतच्या विजारीत. अगदी लहान मुलगे तर फ्रॉकमध्येच असत. विजे ल ब्रँच्या 1787 च्या चित्रात राणीच्या मांडीवर पांढऱ्या झग्यात बसलेलं बाळ म्हणजे राजपुत्र लुई शार्ल. दिग्दर्शक म्हणतात, "मुलगा वाटत नाही." मग त्याला नावाने हाक मारणारा एक संवाद वाढवा. फ्रॉक राहू द्या.