रिकाम्या शाळेत गावाचं वर्कशॉप: आधी वायरिंग, मग मशीन

पटसंख्येअभावी बंद पडलेली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली की लोक आधी मशिनरीची कोटेशनं मागवतात. पैसा तिथे संपतो आणि वायरिंग जुनंच राहतं. क्रम उलटा ठेवा: ग्रामसभेचा ठराव, लेखी करार, छपराची गळती, मग वीज. आराखड्याआधी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून या; अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या मशीनची, सगळ्यांना वापरता येणारी कार्यशाळा) २००२ मध्ये तिथे सुरू झाली.

शाळेचं कनेक्शन पंखे-ट्यूबांपुरतं, सिंगल फेजचं असतं. दोन एचपीचा लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन), तेवढाच कॉम्प्रेसर आणि एक वेल्डिंग मशीन धरलं तरी थ्री फेजचा दहा किलोवॅटच्या आसपास भार मंजूर करून घ्यावा लागतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट करंट ओढते. घरगुती वापराची, बी कर्व्हची एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) रेटिंगच्या तीन ते पाच पटींतच पडते, म्हणून लेथ लावला की ट्रिप. मग कोणीतरी जास्त अँपिअरची एमसीबी बसवतो आणि आतली वायर जळते. त्याच रेटिंगची सी कर्व्हची, म्हणजे सुरुवातीचा झटका सहन करणारी एमसीबी घ्या. सॉकेटांना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि थ्री फेज मशीनच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थवायरी.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे लाइट परत येणं. साध्या स्विचवरचं मशीन आपोआप फिरू लागतं, तेव्हा एखाद्याचा हात चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत असू शकतो. प्रत्येक मोटरला डीओएल (हिरव्या-लाल बटणांचा) स्टार्टर लावा: वीज गेली की त्यातला कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकाने ओढला जाणारा स्विच, सुटतो, हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा ओढत नाही. शेतातल्या पंपाला जोडतात तो ‘ऑटो’ (वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा) इथे अजिबात नको. गावचा वायरमन सवयीने तो लावून जातो, त्यामुळे पेटी उघडून स्वतः बघा.

वेल्डिंग व्हरांड्याच्या टोकाला, सुतारकाम दुसऱ्या टोकाच्या खोलीत. ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात आणि भुसा आतून धुमसतो; वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास कोणीतरी तिथे थांबायलाच हवं. लेथखालची शहाबादी फरशी काढून १५० मिलिमीटर काँक्रीट ओता, सात दिवस पाणी मारा, मशीन चार आठवड्यांनी ठेवा. लेथवरची जुनी चोकवाली ट्यूब काढा. तिच्या लुकलुकण्यात फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो.

लेझर कटर घेतलात तर एक्झॉस्ट थेट बाहेर काढा. त्यावर रेक्झिन किंवा पीव्हीसी कापू देऊ नका: निघणारा आम्लवायू फुप्फुसांना घातक, आणि मशीनचे रेलही गंजतात.