गाय गाभडली? मग या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात कंधार तालुक्यातून एक शेतकरी मोटारसायकलच्या हँडलला कॅरीबॅग अडकवून आमच्या प्रयोगशाळेत आले. आत लाल कंधारी गायीचं सातव्या महिन्यात पडलेलं वासरू होतं, उन्हानं फुगलेलं, कातडी सुटत आलेली. त्यातून जंतू वाढवून ओळखण्याची आशाच नव्हती. पण मला जास्त काळजी वाटली ती त्यांच्या हाताची. जार (वासराबरोबरची वार) त्यांनी उघड्या हातानं ओढून काढला होता आणि उजव्या अंगठ्यावर विळ्याची ओली जखम होती.

गायीला गाभडवणारा ब्रुसेला हा जंतू अशाच जखमेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा कच्च्या दुधातून माणसात येतो. ताप येतो-जातो, रात्री अंथरूण घामानं भिजतं, कंबर आणि सांधे धरतात. दवाखान्यात टायफॉइड-मलेरियाची तपासणी होते, पण गोठ्यात गाय गाभडल्याचं डॉक्टरांना कुणी सांगत नाही. तेवढं सांगाच. आणि जाराला हात लावण्याआधी हातमोजे घाला. घरातल्या गरोदर बाईला तिकडं फिरकू देऊ नका.

गाय गाभडली की आपल्याकडं ऊन लागलं, दुसऱ्या जनावरानं मारलं, असं म्हणून विषय संपतो. कधी ते खरंही असतं; गर्भ पडण्याची कारणं बरीच आहेत. पण पाचव्या महिन्यानंतर गर्भ पडला आणि जार अडकला, तर ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेलाच्या आजाराचा, संशय धरूनच चालायचं.

मला सगळ्यात घातक वाटते ती पुढची समजूत: ‘एकदाच टाकलं, पुढच्या वेताला चांगली व्याली, म्हणजे गाय बरी झाली.’ ब्रुसेलाची लागण झालेली बहुतेक गाय एकदाच गाभडते. नंतर पूर्ण दिवस भरून वासरू देते, दिसायला धडधाकट असते. जंतू मात्र कासेत आणि गर्भाशयाजवळच्या गाठींत घर करून राहतो. दुधातून आणि पुढच्या प्रत्येक वेताच्या स्रावातून बाहेर पडतो. शेजारची गाय गाभडते तेव्हा हिच्यावर कुणाचा संशयही जात नाही. अशीच गाय हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात उभी राहिली, तर घेणाऱ्याला कळणार कसं? गायीत खात्रीचा उपचार नाही, त्यामुळं लागण झालेली गाय ठेवायची कुठं, हा शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे. निदान तिला वेगळी बांधा, गावच्या वळूकडं नेऊ नका, बाजार दाखवू नका.

पडलेलं वासरू नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकणं ही रोजची चूक. कुत्री ते चार गोठ्यांतून ओढत नेतात. कडक उन्हात हा जंतू लवकर मरतो, पण सावलीच्या ओलीत महिनोन्‌महिने टिकतो. विहिरीपासून लांब, चार-पाच फूट खड्डा घ्या, चुना टाकून पुरा. जिथं गर्भ पडला तिथलं गवत-कडबा जाळा.

तपासणीसाठी वासरू कॅरीबॅगेत आणू नका. पशुवैद्यकाला बोलवा, रक्त तेच घेतील. साध्या ट्यूबमधलं रक्त हलवायचं नाही, गोठवायचंही नाही. ते साकळून वर येणारं पिवळसर पाणी आम्हाला हवं असतं. रोझ बेंगाल चाचणीत त्याचा थेंब गुलाबी द्रावणात मिसळला की लागण असेल तर चार मिनिटांत कणी धरते. गाभडल्या दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. तेव्हा रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर तयार करतं ते घटक, पुरेशी वाढलेली नसतात. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या.

लसीबाबतही घोळ होतो. एस-19 ही ब्रुसेलाविरुद्धची लस फक्त कालवडी आणि पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गाभण गायीला किंवा गोऱ्ह्याला नाही. लस जिवंत जंतूची आहे. सुई माणसाला टोचली तर लगेच दवाखाना गाठा.

शेळीचं धारोष्ण दूध लेकरांना पाजायची रीत आपल्याकडं अजून आहे. माल्टा बेटावरच्या ज्या तापाचा जंतू (ब्रुसेलाचाच एक प्रकार) ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला, तो शेळीच्या कच्च्या दुधातून पसरत होता, हे 1905 मध्ये उघड झालं. उस्मानाबादी शेळीचं दूध असलं तरी आधी चांगली उकळी येऊ द्या.

कंधारच्या त्या गायीचं पहिलं रक्त निगेटिव्ह आलं, तीन आठवड्यांनंतरचं पॉझिटिव्ह. त्या शेतकऱ्यांना तोवर ताप सुरू झाला होता. सहा आठवडे औषधं चालली. त्यांच्या गोठ्यात पाच महिन्यांची एक कालवड होती. तिला त्यांनी स्वतः दवाखान्यात नेऊन लस टोचून घेतली.