गेम मास्टर व्हायचंय? मग आधी गोष्ट लिहिणं सोडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन खेळायचा कल्पनेचा खेळ, 1974 पासून चालू आहे, सोलापुरात खेळणारे कमी पण चार जण जमले की झालं काम. नवा गेम मास्टर, म्हणजे प्रसंग सांगून खेळ चालवणारा, पहिलं काय करतो तर पानंच्या पानं गोष्ट लिहून आणतो, आणि खेळाडू दहाव्या मिनिटाला भलतीकडेच जातात. म्हणून गोष्ट नको, परिस्थिती तयार करा. म्हणजे बघा, आपल्या भुईकोटासारखा किल्ला, भोवती खंदक, आत कुणीतरी कोंडलंय, मध्यरात्री पहारा बदलतो आणि एक पहारेकरी कर्जात बुडालाय. बस. आत कसं घुसायचं ते त्यांचं ते बघतील.

कुणी म्हटलं "खंदक पोहून जातो की बे", तर लगेच नाही म्हणू नका. वीस बाजूंचा फासा टाकायला लावा, खेळाच्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला 10, मध्यमला 15, अवघडला 20 धरतात, फाशाचा आकडा अधिक कॅरेक्टरचा, म्हणजे खेळाडूच्या पात्राचा, त्या कामातला बोनस तेवढा भरला की जमलं. पण फेल गेला तर काय होणार ते फासा टाकायच्या आधीच ठरवा, कारण नुसतं "नाही जमलं" म्हटलं की सगळं थंड पडतं. त्यापेक्षा पाण्यात आवाज झाला, वरून मशाल इकडं वळली, आता काय करता? हे लै भारी चालतं. हरून काहीच बिघडणार नसेल तर फासाच नको.

गप्प बसणाऱ्याला नाव घेऊन विचारा. नियम आठवेना तर अंदाजाने निकाल द्या, पुस्तक घरी गेल्यावर उघडा. आणि शेंगाचटणी-भाकरी ब्रेकमध्येच, तेलकट हात लागलेली कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, पुढच्या वेळी वाचताच येत नाही.